स्वादुपिंडातील गाठ आणि काँट्रास्ट सोनोग्राफी: काय कळते, काय कळत नाही

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'स्वादुपिंडात गाठ' असे शब्द वाचले की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, हे अनेकांना आठवते. पण स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती कशाची असू शकते, याचा अंदाज घेण्यासाठी काही वेळा काँट्रास्ट सोनोग्राफी करतात.

ही तपासणी कशी होते?

साधी सोनोग्राफी गाठीचा आकार दाखवते. तिच्यातला बारीक रक्तपुरवठा नीट दाखवत नाही. काँट्रास्ट सोनोग्राफीत हाताच्या शिरेतून थोडेसे औषध देतात. त्यात वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात, रक्तातील तांबड्या पेशीपेक्षाही लहान. रक्ताबरोबर ते गाठीत पोहोचतात आणि पडद्यावर चमकतात. नंतर हा वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

काय दिसते?

• स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा कर्करोग: रक्तपुरवठा कमी, म्हणून गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा काळसर दिसते.
• न्यूरोएंडोक्राइन गाठ: रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे ती बहुधा लवकर आणि जास्त चमकते.
• जुन्या सुजेमुळे झालेली गाठ: बऱ्याचदा बाकीच्या स्वादुपिंडासारखीच चमकते.
• सुजेनंतर साचलेल्या पाण्याची पिशवी: आत बुडबुडे शिरतच नाहीत.

हे ठोकताळे आहेत, निदान नव्हे.

फायदे आणि मर्यादा

या तपासणीत क्ष-किरण नसतात. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नसल्याने क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णांनाही ते सहसा देता येते. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. तरीही पूर्वीची ॲलर्जी, गंभीर हृदयविकार किंवा फुफ्फुसाचा आजार असल्यास आधी सांगा. काही तास उपाशी राहावे लागते. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

स्वादुपिंड जठराच्या मागे, खोलवर असते. पोटात गॅस असेल किंवा रुग्ण स्थूल असेल, तर ते नीट दिसत नाही. आजार किती पसरला आहे आणि ऑपरेशन शक्य आहे का, हे ठरवायला सीटी स्कॅन लागतोच. काहींना एमआरआयही लागतो. गरज पडल्यास एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने गाठीचा तुकडा घेतात. म्हणून 'काँट्रास्ट सोनोग्राफी झाली, आता सीटी कशाला?' असे म्हणू नका.

वेळ घालवू नका

ही सोय सगळीकडे नसते. रत्नागिरीहून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जावे लागणार असेल, तर केवळ या तपासणीसाठी थांबू नका. सीटी आधी होत असेल तर तो करून घ्या. जाताना जुने रिपोर्ट, फिल्म किंवा सीडी आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रांना भेटा.

आपल्याकडे कावीळ झाली की आधी ती 'उतरवायला' जातात. पण पोट न दुखता वाढत जाणारी कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, घटते वजन किंवा पन्नाशीनंतर अचानक आलेला मधुमेह ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी गावठी औषधात आठवडे घालवले, तर ऑपरेशनची संधी हातची जाऊ शकते. काविळीबरोबर थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.