परतीच्या वाटेवरील अग्निपरीक्षा

पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, हे पाणी मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी अडवले गेले. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. गाडी घाट चढताना पाणी आणि कोळसा लागे. उतरताना मात्र चिंता वेगळी असे. ब्रेक लावून वेग आवरला तरी गाडीच्या अंगची ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते आणि ब्रेक तापतात.

अंतराळातून परतणाऱ्या यानापुढे हाच प्रश्न अतिशय उग्र रूपात उभा राहतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असतो. त्या वेगातील एक किलो वस्तूच्या अंगी इतकी ऊर्जा असते की, तिने दहा-अकरा किलो पाण्याची वाफ व्हावी. वातावरणात शिरताना ही सारी ऊर्जा जायची कुठे?

यानाचे टोक जितके निमुळते तितके बरे, असा पूर्वी समज होता. १९५० च्या दशकारंभी ज्युलियन ॲलन या अमेरिकन संशोधकाने नेमके उलट दाखवून दिले. बोथट, रुंद तोंडाचे यान आपल्यापुढील हवा जोराने दाबते. तापलेल्या हवेची लाट यानापासून थोडी दूर राहते आणि बहुतांश उष्णता हवेतच विखुरते. उरलेली उष्णता कवच सोसते. काही कवचांचा थर स्वतः जळून झिजतो आणि जाताना उष्णता सोबत नेतो.

कवचातील लहानशा उणिवेची किंमत केवढी, हे १ फेब्रुवारी २००३ रोजी जगाने पाहिले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. परतताना तेथून तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर प्राणांस मुकले.

पुढे चारच वर्षांनी भारताने ही परीक्षा दिली. १० जानेवारी २००७ रोजी सोडलेली ५५० किलो वजनाची कुपी २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या अंगावर सिलिकाच्या फरशा होत्या, तर नाकाशी झिजणारे कवच. १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसांसाठी योजलेल्या, सुमारे पावणेचार टनी कुपीचीही अशीच चाचणी यशस्वी झाली. तिच्यात माणूस मात्र नव्हता.

या कामाशी निगडित असलेल्या तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राची कथा आपल्याला विशेष जवळची आहे. पुढे १९७९ ते १९८५ या काळात डॉ. वसंत गोवारीकर हे मराठी शास्त्रज्ञ त्याचे संचालक होते. पण त्याचा आरंभ झाला थुंबा या मच्छीमारांच्या गावी. अग्निबाण तळासाठी तेथील जागा हवी होती आणि त्या जागेत संत मेरी मॅग्डालीनचे चर्च होते. डॉ. साराभाईंच्या विनंतीवरून बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ती दिली. चर्च कार्यालय झाले, बिशपांचे निवासस्थान कार्यशाळा. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. मच्छीमार कुटुंबांना मात्र आपली घरे सोडून दुसरीकडे वसावे लागले. आज त्या चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे.

अंतराळवीरांच्या सुखरूप परतीची तयारी करणाऱ्या केंद्राच्या पायाशी अशा कुटुंबांचा त्याग आहे, ज्यांना आपल्या जुन्या अंगणात परतता आले नाही. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकचा वास आला, तर त्यांचीही आठवण व्हावी.