बाह्यभिंत अग्निमूल्यांकक प्रशिक्षण (ब्रिटन)

रहिवासी इमारतीच्या बाह्यभिंतीवाटे आग कितपत पसरू शकेल, हे तपासून लेखी निर्वाळा देणाऱ्या तज्ज्ञांचे प्रशिक्षण. त्याची निकड १४ जून २०१७ नंतर भासली. त्या रात्री लंडनमधील २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातील आग बाहेरच्या आवरणाला (क्लॅडिंगला) लागली व ७२ जणांचा बळी गेला. हे क्लॅडिंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीनचा ज्वलनशील थर. एकूण जाडी जेमतेम ४ मिमी.

डिसेंबर २०१९ मध्ये ‘रिक्स’ या सर्वेक्षकांच्या व्यावसायिक संस्थेने बँका व गृहकर्जसंस्थांच्या संघटनांसह हा निर्वाळा नोंदवण्यासाठी ‘ईडब्ल्यूएस-१’ हा फॉर्म आणला. कायद्याने तो सक्तीचा नव्हता, पण बँका त्याच्यावाचून कर्ज देईनात आणि फ्लॅटची विक्री अडू लागली. सही करण्यास पात्र माणसे मात्र मोजकीच. म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने सुमारे ७ लाख पौंड जाहीर केले आणि सहा महिन्यांत २,००० पर्यंत मूल्यांकक तयार करण्याचा मनोदय सांगितला. अभ्यासक्रमाची जबाबदारी रिक्सकडे आली.

या कामात नकाशावर विसंबून चालत नाही. काही ठिकाणी क्लॅडिंग उघडून उष्णतारोधक थर कशाचा आहे आणि त्यामागच्या पोकळीतून वर चढणारी आग रोखणारे अडथळे जागेवर आहेत का, हे पाहावे लागते. कधी अडथळा कागदावर असतो, भिंतीत नसतो, किंवा फट ठेवून बसवलेला असतो. ग्रेनफेलमध्येही हे अडथळे सदोष निघाले. भिंतीत लक्षणीय ज्वलनशील सामग्री नसेल तर फॉर्मचा ‘अ’ पर्याय लागू होतो. ती असेल तर ‘ब’. तिथे जोखीम तोलावी लागते आणि त्यासाठी अग्नि-अभियांत्रिकीतले वरच्या दर्जाचे ज्ञान हवे. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमातून ते येत नाही.

खरी अडचण वर्गाबाहेर होती. व्यावसायिक दायित्वविमा देणाऱ्या कंपन्या अग्निसुरक्षेची जोखीम वगळू लागल्या; विम्याचे कवच नसताना प्रशिक्षित माणूसही सही करायला धजेना. सरकारपुरस्कृत विमायोजना २०२२ मध्ये आली. त्याच वर्षी ‘पास ९९८०’ ही बाह्यभिंतींच्या अग्निमूल्यांकनाची कार्यपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात जोखमीचे कमी, मध्यम व जास्त असे वर्गीकरण असून मूल्यांककाच्या तारतम्याला बराच वाव आहे. ग्रेनफेल चौकशीच्या सप्टेंबर २०२४ मधील अंतिम अहवालाने अग्निजोखीम मूल्यांककांना सक्तीचे मानांकन लागू करण्याची शिफारस केली.