शरीराबाहेरील जंतू व परजीवी

मल, मूत्र, थुंकी, पू किंवा रक्त यांवाटे शरीराबाहेर पडलेले जीवाणू व परजीवी नवे शरीर मिळेपर्यंत जेवढे दिवस तग धरतात, तो त्यांचा शरीराबाहेरील जीवनकाल. तो काही मिनिटांचा असतो, तसा काही दशकांचाही. त्यामुळे ‘जंतू बाहेर किती दिवस जगतो?’ याला एकच ठोक आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नये. जंतू कोणत्या रूपात बाहेर पडला आणि ओलीत पडला की उन्हात, यावर सगळे अवलंबून असते.

काहींना बाहेरचे रूपच नसते. परमा आणि उपदंश यांचे जंतू वाळले की मेले. हिवतापाचा परजीवी माणूस आणि डास सोडून कुठे राहत नाही. डोक्यातून गळलेली ऊ रक्तावाचून एक-दोन दिवसांत मरते.

काहींना फक्त ओल लागते. उंदराच्या मुतातून आलेला लेप्टोस्पायरा चिखलात व साचल्या पाण्यात कित्येक आठवडे जगतो, पण जमीन खडखडीत वाळली की संपतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली, ती यामुळेच. उन्हानेही जीवाणू मरतात हे डाउन्स व ब्लंट या शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये प्रयोगाने दाखवले. गोधड्या उन्हात घालणाऱ्या घरांना त्याचे नवल वाटले नसते.

जंताची गोष्ट उलटी आहे; त्याला बाहेर राहावेच लागते. मादी रोज सुमारे दोन लाख अंडी घालते. ताज्या विष्ठेतले अंडे गिळले तरी जंत होत नाही. सावलीतल्या दमट मातीत दोन-चार आठवडे मुरल्यावर आत अळी तयार होते आणि मगच ते बाधते. जाड कवचामुळे असे अंडे मातीत वर्षानुवर्षे टिकते. क्लोरीनला ते दाद देत नाही, उकळत्या पाण्यात मात्र मरते. मेथी-कोथिंबिरीच्या मुळांशी लागलेली माती म्हणूनच नीट धुवावी. अंकुशकृमीची अळी शिदोरी घेऊन निघालेल्या वाटसरूसारखी असते. ती काही खात नाही, साठवणीवर तीन-चार आठवडे अनवाणी पावलाची वाट पाहते.

सर्वांत चिवट ते बीजाणू. धनुर्वाताचे व काळपुळीचे (गुरांतल्या फाशी रोगाचे) जंतू असे कवचबंद होतात. फाशीने मेलेल्या जनावराच्या नाकातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते. कातडी शाबूत असेल तर आतले बहुतेक जंतू सडण्यातच मरतात. पण कुणी सुरी लावली, रक्ताला हवा लागली, की प्राणवायू मिळून बीजाणू बनतात आणि ती जागा पुढच्या पिढ्यांतल्या गुरांना धोक्याची होते. अशा जनावराचे शवविच्छेदन करू नये, कातडे काढू नये, हा नियम त्यासाठीच आहे. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिशांनी १९४२ मध्ये या जंतूंच्या बाँबची मेंढ्यांवर चाचणी घेतली. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात कालवलेले फॉर्माल्डिहाइड शिंपडून माती शुद्ध केली, तेव्हा कुठे १९९० मध्ये बेट खुले झाले. साधे उकळणे बीजाणूंना पुरत नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला, किमान पंधरा मिनिटे ठेवतात.

नारू या कृमीची अळी मात्र दुबळी. पायविहिरीत उतरलेल्या रुग्णाच्या पायावरच्या फोडातून ती पाण्यात पडते; काही दिवसांत तिला सायक्लॉप्सने गिळले नाही तर ती मरते. सायक्लॉप्स म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचा पाणकिडा. दुहेरी फडक्यातून पाणी गाळले की तो वरच राहतो. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.