दुहेरी बॅटरी चार्जिंग प्रणाली (वाहनातील)

गाडीच्या मूळ बॅटरीवर भार न टाकता फ्रिज, दिवे, पंप चालवण्यासाठी दुसरी बॅटरी बसवून दोन्ही एकाच ऑल्टरनेटरवर चार्ज करण्याची व्यवस्था. रात्रभर फ्रिज चालून दुसरी बॅटरी पूर्ण उतरली तरी सकाळी सेल्फ लागलाच पाहिजे, ही तिची पहिली कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात दोन वस्त्यांमध्ये शेकडो किलोमीटर ओसाड मुलूख असतो, म्हणून तिथल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत ही प्रणाली फार रुळली. भारतात ती कॅम्परव्हॅनमध्ये आणि लडाख-स्पितीकडे जाणाऱ्या गाड्यांत दिसते.

सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. ती काही सेकंद शेकडो अँपिअर देते, पण वारंवार खोलवर उतरवली की लवकर निकामी होते. दुसरी म्हणून जाड प्लेटांची डीप-सायकल बॅटरी घेतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे 100 अँपिअर-तासांतले 50च हाती येतात. सरासरी 2 अँपिअर घेणारा फ्रिज दिवसाला 48 अँपिअर-तास खातो. हिशेब एका दिवसातच संपतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून 80 टक्के सहज वापरता येतात. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. लेहच्या हिवाळ्यात हे ध्यानात ठेवावेच लागते.

दोन्ही बॅटऱ्या चार्ज होताना जोडलेल्या आणि इंजिन बंद झाल्यावर अलग हव्यात. हाताने फिरवायचा स्विच स्वस्त, पण तो बंद करायचा राहून गेला की दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरतात. डायोड आयसोलेटर आपोआप अलग करतो, पण सिलिकॉन डायोड सुमारे 0.7 व्होल्ट स्वतःच खातो, ऑल्टरनेटरचे 14.2 व्होल्ट पलीकडे 13.5 होतात आणि लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरत नाही. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण 13.3 व्होल्टला जोडतो, 12.8च्या आसपास सोडतो. जुन्या गाड्यांना तो उत्तम. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र इंधन वाचवण्यासाठी ऑल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणला जातो. अशा वेळी इंजिन चालू असूनही रिले सोडून देतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच लावावा. तो मिळेल त्या व्होल्टेजमधून बॅटरीच्या जातीला हवा तो व्होल्टेज तयार करतो आणि करंटवर मर्यादा ठेवतो. ही मर्यादा लिथियमसाठी अत्यावश्यक आहे, कारण थेट जोडलेली लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की आयडलिंगला ऑल्टरनेटर तापून जळू शकतो. ऑल्टरनेटरचा व्होल्टेज खाली आणणाऱ्या गाडीत चार्जर व्होल्टेज पाहून नव्हे, तर इग्निशनच्या तारेवरून चालू व्हावा.

खरे काम वायरिंगचे, आणि काटकसर नेमकी तिथेच होते. डिकीतली बॅटरी 5 मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबे. 30 अँपिअरला 6 चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे 0.86 व्होल्ट गळतात. 16च्या वायरीत 0.32, 25च्या वायरीत 0.2. म्हणजे बारीक वायर घातली की डायोडपेक्षाही जास्त नुकसान. फ्यूज दोन्ही टोकांना, टर्मिनलपासून वीतभराच्या आत हवा. एकच लावणे धोक्याचे आहे, कारण वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर दोन्ही बाजूंनी करंट येतो. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग बसवावा. मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असल्यास जादा अर्थ थेट टर्मिनलवर न घेता चेसिसवर घ्यावा, नाहीतर गाडीला आपल्या बॅटरीची खरी स्थिती कळत नाही.

साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती केबिनमध्ये ठेवू नये. तिथे सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली लेड-ॲसिड बॅटरी) चालते. लिथियम बॅटरी इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही.

तपासणी मल्टिमीटरने होते. रिलेच्या प्रणालीत इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावा, फरक 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आला तर सांधे, लग आणि वायरीची जाडी पाहावी. मग इंजिन बंद करून रिले सुटू द्यावा आणि दुसऱ्या बॅटरीवर फ्रिज लावावा. या भाराने पहिलीचा व्होल्टेज खाली ओढला जाऊ लागला, तर बॅटऱ्या अलग होत नाहीत.