कोरी तबकडी

दिवाळीची साफसफाई म्हटली की माळ्यावरचे आणि कपाटातले पुष्कळसे विसरलेले सामान एकदाचे उजेडात येते. पितळी समया, काच तडकलेल्या तसबिरी, कुणाच्या तरी बारशातले वाळे; आणि अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू हमखास निघते. चेनच्या पाकिटात किंवा प्लास्टिकच्या गोल डब्यात एकावर एक रचलेल्या चकचकीत तबकड्या. त्यांवर जाड पेनाने लिहिलेले असते, 'मुंज, २००२', 'आजीची पंचाहत्तरी, भाग २', 'जुने फोटो सर्व'. घरातला संगणक मध्यंतरी बदललेला असतो आणि नव्याला तबकडी घालायला तोंडच नसते. टाकवत तर नाही, म्हणून ती चळत पुन्हा एक वर्षासाठी माळ्यावर चढते. या घरी लिहायच्या तबकडीच्या इतिहासाने अजून चाळिशी गाठलेली नाही, पण तेवढ्यात तिचा उदय, भर आणि अस्त असे सगळे होऊन गेले आहे; आणि त्या इतिहासाचा पाकिटातल्या मुंजीशी वाटतो त्यापेक्षा फार जवळचा संबंध आहे.

दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी आणि घरी राईट केलेली सीडी यांचा चेहरा एकच, कूळ मात्र अगदी निराळे. विकतची सीडी ही छापखान्यातली वस्तू आहे. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात ती विक्रीला आली. पारदर्शक प्लास्टिकवर साच्याने सूक्ष्म खळगे उठवायचे, त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा द्यायचा आणि वर लाखेसारखा थर फासायचा, अशी तिची घडण. हे खळगे मधून बाहेर उलगडत जाणाऱ्या एकाच रेषेवर असतात. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवरची ती रेषा सरळ केली तर ५ किलोमीटरच्या वर भरेल! ठसा एकदा उठला की उठला. तो सहजासहजी पुसत नाही.

घरच्या सीडीला ठसा नाही, तिला शाई आहे. छापील ग्रंथ आणि हस्तलिखित पोथी यांत जो फरक, तोच येथे आहे. आणि पोथीचे आयुष्य जसे कागदाइतकेच शाईवर अवलंबून असते (आपले जुने लेखक काजळीची शाई उगाच घोटत नसत), तसेच या तबकडीचे नशीबही तिच्या शाईत आहे. ही शाई डोळ्यांना धड दिसत नाही, वेष्टनावर बहुधा तिचे नाव नसते आणि दुकानदारालाही ती ठाऊक नसते. सगळ्या पुढच्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

ही शाई घडवली ताइयो युदेन या जपानी कंपनीने. १९५० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मूळची रेडिओला लागणारे चिनी मातीचे बारीक सुटे भाग करणारी. लेझर किरणाने एकदाच लिहिता येणाऱ्या तबकड्या त्याआधीही होत्या. पण त्या कचेऱ्यांतल्या खास यंत्रांवरच चालत. घरच्या साध्या सीडी प्लेअरवर वाजायचे तर तबकडीने तिच्यावर पडलेल्या किरणापैकी निदान ७० टक्के प्रकाश परत फेकला पाहिजे, आणि लिहायचे तर तोच किरण तिने थोडा तरी शोषला पाहिजे. शोषायचेही आणि फेकायचेही, असा हा पेच होता. १९८८ मध्ये या कंपनीने तो सोडवून दाखवला. एमिको हमादा या संशोधिकेचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. त्यांनी प्लास्टिकवर सायनिन नावाच्या सेंद्रिय रंगाचा अतिपातळ थर दिला आणि त्यामागे चक्क सोन्याचा मुलामा चढवला. सोने प्रकाश उत्तम फेकते आणि रंगाशी भांडत नाही. लिहिताना जोरकस किरण पडला की रंग तेवढ्या ठिपक्यापुरता तापून बिघडतो, खालचे प्लास्टिकही किंचित विकृत होते, आणि तेथून प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्या यंत्राला वाटते, येथे खळगा आहे. आपण ज्याला 'सीडी राईट करणे' म्हणत होतो आणि इंग्रजीत ज्याला जाळणे म्हणतात, ते एवढेच.

१९९० मध्ये सोनी-फिलिप्सने या प्रकाराचे नियम 'ऑरेंज बुक' नावाने बांधून दिले. कोऱ्या तबकडीवर आधीच एक नागमोडी चर कोरलेली असते. लिहिणाऱ्या किरणाला ती दुरेघी वहीसारखी वाट दाखवते. तबकडी किती मिनिटांची, कोणत्या कारखान्यात झाली, याची खूणही त्या चरीच्या वळणांतच दडवलेली असते. ही खूण आपण लक्षात ठेवू या, पुढे तिची गरज पडणार आहे.

आरंभीच्या दिवसांत हा प्रकार श्रीमंती होता. पुढे यंत्रे स्वस्त होत गेली, तरी कोरी तबकडी वाया जाणे मनाला लागत असे. आणि ती वाया जाई! पहिल्या यंत्रांचा वेग गाणे वाजण्याच्या वेगाइतकाच, म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. ७४ मिनिटांची तबकडी भरायला ७४ मिनिटे लागत. तेवढा वेळ किरण एकदा सुरू झाला की थांबू शकत नसे. संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंतला आणि मजकुराचा पुरवठा क्षणभर तुटला की लेखणी हवेत आणि तबकडी कचऱ्यात. या अपघाताला बफर अंडररन असे भारदस्त नाव होते. त्यामुळे सीडी राईट होत असताना घरात कुणी माऊसला हात लावायचा नाही, असा दंडक असे, आणि तो मोडला गेल्यावर जी तबकडी उरे ती चहाच्या कपाखाली जाई. २००० मध्ये सान्यो कंपनीने यावर तोड काढली. पुरवठा तुटला तर किरण थांबेल, जागा लक्षात ठेवील आणि नेमके तेथूनच पुढे लिहू लागेल, अशी ती युक्ती होती. त्या दिवसापासून हा अपघात जवळजवळ इतिहासजमा झाला.

पण दुसरा रोग बळावला, आणि तो अधिक फसवा होता. सायनिनच्या मागोमाग मित्सुई कंपनीने थॅलोसायनिन हा फिकट, जवळजवळ बिनरंगी पदार्थ आणला, आणि मित्सुबिशीने गडद निळा ॲझो. तिन्ही शाया वेगळ्या, म्हणून त्यांवर चालवायच्या लेखणीचा दाब वेगळा. प्रत्येक यंत्र लिहिण्यापूर्वी तबकडीच्या अगदी आतल्या कडेला किरण कमीजास्त करून पाहते, जसा कारकून टाक बुडवून आधी कोपऱ्यावर एक रेघ ओढून बघे. शिवाय चरीतली ती कारखान्याची खूण वाचून, या मालाला कोणती रीत लावायची ते यंत्र आपल्या आठवणीतल्या तक्त्यात शोधते. तक्त्यात तो कारखानाच नसेल तर ते अंदाजाने लिहिते. 'आमच्या रायटरला अमक्या कंपनीच्या सीडी चालत नाहीत' असे लोक म्हणत, ते अंधश्रद्धेने नव्हे.

त्यात वेगाचे वेड शिरले. दुप्पट, चौपट करता करता वेग ५२ पटींवर गेला. एवढ्या गतीने फिरणाऱ्या तबकडीवर किरणाला प्रत्येक ठिपक्याला मिळणारा वेळ नाममात्र, आणि बाहेरच्या कडेला, जेथे रंगाचा थर आधीच असमान असण्याचा संभव, तेथे घोटाळा अधिक. लग्नाच्या चित्रफितीत मंगलाष्टके स्वच्छ आणि पाठवणीच्या वेळी चित्र अडखळते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, कारण लेखन आतून बाहेर जाते आणि पाठवणी नेमकी कडेवर येते. जाणकार मधला वेग धरीत. अति सावकाश लिहिणेही नव्या तबकड्यांना मानवत नसे.

डीव्हीडी आली तेव्हा आणखी एक तमाशा झाला. पायोनियरने १९९७ मध्ये 'वजा' जातीची डीव्हीडी-आर आणली, तर २००२ मध्ये प्रतिपक्षाने 'अधिक' जातीची डीव्हीडी आणली. दोन्हींत मावणार ४.७ गिगाबाइटच, पण एका जातीचा माल दुसऱ्या जातीच्या यंत्राला चालेना. पुढे दोन्ही चालवणारी यंत्रे निघाली आणि भांडण मिटले. तोवर गिऱ्हाइकाने मात्र बेरीज-वजाबाकीचा भुर्दंड पुरता भरला.

खरा बदल झाला तो किमतीत. कोरी तबकडी स्वस्त करायची तर सोने परवडणार कसे? त्याच्या जागी चांदी आली. चांदी प्रकाश झकास फेकते, पण देवघरातली भांडी घासणाऱ्या कुणालाही विचारा, ती काळवंडते. तैवानमध्ये रिटेक, सीएमसी असे प्रचंड कारखाने उभे राहिले आणि आपल्याकडे मोझर बेअर. या कंपनीची कथा मोठी नवलाची आहे. १९८३ मध्ये दिल्लीत कामगारांच्या हजेरीची घड्याळे करण्यासाठी ती निघाली; ते अपरिचित नाव तिच्या स्विस भागीदाराचे. १९८८ मध्ये ती फ्लॉपीकडे वळली, १९९९ मध्ये कोऱ्या सीडीकडे, आणि पाहता पाहता ग्रेटर नोएडातला माल जगभरच्या नामांकित छापांखाली विकला जाऊ लागला. म्हणजे वेष्टनावरचे नाव एकाचे आणि पोटातली तबकडी दुसऱ्याची. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन देशांचा माल निघे. ताइयो युदेनचा माल उत्तम अशी ख्याती झाल्यावर तर त्याची खूण चोरून चरीत कोरणारेही निघाले! तेव्हा नाव पाहून तबकडी निवडणे ही मेहूण पाहून कुळाची परीक्षा करण्यासारखी गोष्ट होती. जाणते लोक संगणकावर ती खूण वाचून पाहत. बाकीचे आपण शंभराचा गठ्ठा कुठे स्वस्त मिळतो ते पाहत होतो. माझ्या मते यात गिऱ्हाइकाचा दोष थोडा. ज्याच्यावर आयुष्य अवलंबून ती शाईच जर वेष्टनावर लिहिलेली नसेल, तर त्याने निवड करायची ती कशावरून?

बरे, दोष लगेच दिसावा, तर तेही नाही. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये एक रीत मांडली होती. मजकुराबरोबर काही जादा आकडे असे गुंफायचे, की मधला भाग नष्ट झाला तरी उरलेल्यावरून तो परत काढता यावा. सीडीला ओरखडा पडूनही गाणे सुरळीत वाजते ते या रीतीच्या कृपेने. पण हीच कृपा झीजही लपवते. शाई फिकट होत जाते, चुका वाढत जातात, यंत्र त्या मुकाट्याने दुरुस्त करीत राहते, आणि एका मर्यादेनंतर एके दिवशी ते सांगते की तबकडी वाचता येत नाही. राईट केल्या दिवशी ती वाजली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेने तबकड्या उष्ण-दमट पेट्यांत आणि प्रखर उजेडात ठेवून त्यांची परीक्षा घेतली आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. थॅलोसायनिनचा रंग आणि सोने-चांदीच्या मिश्रणाचा मुलामा असलेली सीडी उजवी ठरली. इतर पुष्कळशा तिच्यापुढे टिकल्या नाहीत. त्याच संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत कोऱ्या तबकडीचे कपाटातले आयुष्यदेखील ५ ते १० वर्षेच धरावे असे म्हटले होते. वेष्टनावर 'शंभर वर्षे' छापणाऱ्यांनी हे बहुधा वाचले नसावे. आणि उष्ण-दमट पेटी म्हणजे काय, हे कोकणातल्या जुलै महिन्याला वेगळे समजावून सांगायला नको.

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. पेन ड्राइव्ह आणि मोबाइल आल्यावर तबकडीचे गिऱ्हाईक आटले. ताइयो युदेनने २०१५ च्या अखेरीस हा धंदा सोडला. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाच्या आदेशाने मोडीत निघाली. मित्सुबिशीने ॲझोवाले व्हर्बाटिम हे नाव २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीला विकायचे ठरवले. ब्लू-रे ही या घराण्यातली धाकटी पाती. तिच्या कोऱ्या तबकड्या करणे सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवले.

राहिली ती माळ्यावरची चळत. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून विकत मिळतो. तबकडी कडेला आणि मधल्या भोकाला धरावी, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसावी, गोलगोल नव्हे. सीडीचा नाजूक भाग खालचा चकचकीत नसून वरचा, नाव लिहिलेला. तेथे शाईवर केवळ लाखेचा पापुद्रा असतो, म्हणून वरचे चिकटवलेले लेबल सोलू नये. डीव्हीडीत शाई दोन चकत्यांच्या मध्ये असते, ती त्या मानाने सुरक्षित. एका यंत्राने तबकडी नाकारली तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात घालून पाहावी. एकाची दृष्टी दुसऱ्याहून तीक्ष्ण असते. जुन्या यंत्रावर लिहिलेली आणि शेवटी 'फायनलाइज' न करता काढलेली तबकडी इतरांना कोरी दिसते, पण ज्यावर लिहिली ते यंत्र असेल तर त्याला अजूनही वाचता येते. जे निघेल ते दोन निरनिराळ्या जागी उतरवून ठेवावे, आणि हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये; मुंजीची ती तबकडी २००२ सालची आहे.