चोर आला आणि बाकीच्यांना भिंत चढता येईना

गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' हा नियम कोणी काढला, सांगता येईल? नाही ना. जागा कमी होती, काचा फुटत होत्या, कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान्य केलं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये अशा घरच्या नियमांना होमब्रू म्हणतात. आजची गोष्ट अशाच एका होमब्रूची आहे. फरक इतकाच, की तो नियम गल्लीत राहिला नाही, अधिकृत पुस्तकात गेला, आणि त्याने केलेला घोळ लोक अजून निस्तरतायत.

साल १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव. तिथून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. क्लास फक्त तीन: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेवर चालणारा धर्मयोद्धा. (क्लेरिकसुद्धा मूळचा घरचाच बरं का. आर्नसनच्या टेबलावर एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन फारच भारी पडायला लागला, त्याला आवर घालायला क्लेरिक आला असं सांगतात.)

या पहिल्या पुस्तिकांमध्ये स्किल नावाची गोष्टच नव्हती. दाराला कान लावून ऐकणं, गुप्त दार शोधणं यासाठी सहा बाजूंच्या फाशाचा साधा नियम होता, आणि तो सगळ्यांना लागू होता. बाकी सगळं बोलून. तुम्ही म्हणायचं, "मी दोर टाकून भिंत चढतो." खेळ चालवणारा विचार करणार, दोर आहे का, भिंत ओली आहे का, आणि ठरवणार. लढवय्याही चढायचा, जादूगारही चढायचा, धडपडायचेही.

मग त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकामधून गायगॅक्सला फोन आला. तिथल्या एअरो हॉबीज या दुकानात खेळणाऱ्या मंडळींनी स्वतःचा एक नवा क्लास बनवला होता, चोर. दुकानाच्या गॅरी स्विट्झरने फोनवर कल्पना सांगितली. गायगॅक्सला ती आवडली. त्याने आपल्या पद्धतीने आकडे बसवले, १९७४ मध्येच एका छोट्या छंदपत्रिकेत छापले, आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतून चोर अधिकृत झाला. एका दुकानातला घरचा नियम वर्षभरात देशभरच्या टेबलांवर!

आता इथे थांबून बघा काय झालं. चोराला कुलूप उघडता येतं, चोरपावलांनी चालता येतं, सावलीत लपता येतं, भिंत चढता येते, असं पुस्तकात लिहिलं गेलं. 'इतरांना येत नाही' असं काही लिहिलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न आलाच: चोराच्या यादीत 'भिंत चढणे' वेगळं लिहिलंय, म्हणजे माझ्या लढवय्याला ते जमत नसणार? अनेक टेबलांवर उत्तर मिळालं, नाहीच जमत. काल चढत होता, आज चढत नाही. एकाला काहीतरी दिलं आणि बाकी तिघांच्या खिशातून न सांगता तेच काढून घेतलं.

बरं, चोराला तरी काय मिळालं? १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मधले पहिल्या लेव्हलचे आकडे ऐका. भिंत चढणे ८५ टक्के, हे उत्तम. पण कुलूप उघडणे २५, आवाज न करता चालणे १५, सावलीत लपणे १०. पहारेकऱ्याच्या नजरेला न पडता, आवाजही न करता सटकायचं, तर दोन्ही फासे लागायला हवेत. १५ टक्क्यांचे १० टक्के, म्हणजे दीड टक्का. शंभर वेळा प्रयत्न करा, एकदा किंवा दोनदा जमेल. आणि याला म्हणायचं तरबेज!

तिकडे जादूगाराकडे कुलूप उघडायचा मंत्र आहे. तिसऱ्या लेव्हलला तो मिळू शकतो, दिवसातून एकदाच, पण मंत्र म्हटला की कुलूप उघडलं, फासा टाकायचाच नाही. चोर लेव्हल भराभर चढतो, जादूगाराला दुसऱ्या लेव्हलसाठी जवळपास दुप्पट अनुभवगुण लागतात, ही भरपाई गायगॅक्सने ठेवली होती. तरीही जादूगार तिसऱ्या लेव्हलला पोचतो तेव्हा तेवढ्याच गुणांवर चोर चौथ्यावर असतो, आणि त्याचं कुलूप उघडायचं प्रमाण असतं ३७ टक्के. माझं मत विचाराल तर चोराची खरी अडचण कमी आकडे ही नव्हतीच. जे काम सगळे बोलून करत होते त्यावर त्याची मालकी लिहिली गेली, ही होती.

पुढची चाळीस वर्षं हा गुंता सोडवण्यातच गेली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने चोराला ६० गुण वाटायला दिले, सुरुवातीला एका कौशल्यात जास्तीत जास्त ३०. म्हणजे निदान कुलूपवाला चोर आणि खिसेकापू चोर वेगळे झाले. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि सगळ्यांनाच स्किल मिळाली, छान. पण विसाव्या लेव्हलला तरबेज माणसाकडे २३ गुण आणि न शिकलेल्याकडे शून्य. फासा किती बाजूंचा? वीस! दरी फाशापेक्षा मोठी. तरबेज माणसाला थोडा घाम फुटावा असं कुलूप ठेवलं, तर बाकीच्यांनी फासा हातात घ्यायचंही कारण नाही. ते बसणार मोबाइल बघत.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही दरी मुद्दाम आखडती घेतली. शिकलेल्या कामाचा बोनस २ पासून ६ पर्यंत, आणि रोगला, म्हणजे जुन्या चोराच्या वारसाला, 'एक्स्पर्टीज'मुळे निवडक स्किलमध्ये तो दुप्पट. सुरुवातीला तरबेज आणि नुसता शिकलेला यांच्यात फरक फक्त २ चा, शेवटी ६ चा. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'ने 'स्किल एक्स्पर्ट' हा फीट देऊन एका स्किलपुरती एक्स्पर्टीज कुठल्याही क्लासला खुली केली. त्याची किंमतही ठेवली, तो घेतला तर त्या वेळचा दुसरा फीट सोडावा लागतो.

म्हणून तुम्ही घरी 'कुलूप-उस्ताद' किंवा 'माग काढणारा' असा पर्याय लिहायला बसाल, तेव्हा तो काय देतोय ते नीट बघा. आकडा देत असाल तर गणित सोपं: २० बाजूंच्या फाशावर प्रत्येक १ म्हणजे साधारण ५ टक्के. दोन फासे टाकून मोठा घ्यायची मुभा देत असाल, तर ११ हवे असताना शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, पण २० च हवे असतील तर ५ वरून जेमतेम पावणेदहावर. मधल्या कामांना ही मुभा भरपूर, अशक्य कामांना फारशी नाही.

आणि 'हे फक्त यालाच करता येईल' असं देत असाल, तर ते सांता मोनिकाचं दुखणं. त्यावर जुन्या पद्धतीने खेळणाऱ्या अनेक टेबलांनी शोधलेला तोडगा मला फार आवडतो. दोर लावून, खाचा शोधत, साधी भिंत कोणीही चढेल. चोराचे ८५ टक्के वापरायचे गुळगुळीत भिंतीला, जिथे दोरही नाही आणि पकडायला काही नाही. लपण्याचंही तसंच: पिंपामागे कोणीही लपेल, नुसत्या सावलीत उभं राहून दिसेनासं व्हायचं ते चोराने. पुस्तकातला एकही आकडा न बदलता लढवय्याला त्याची भिंत परत मिळते, आणि चोराला अशी भिंत मिळते जिच्यासमोर बाकीचे नुसते वर बघत उभे राहतात.