'आलो' आणि 'निघालो' : धावपट्टीवरील एका गैरसमजाविषयी

वडूजला एखाद्या घराच्या दारात उभे राहून हाक मारली, की आतून 'आलो, आलो' असे उत्तर येते. उत्तर देणाऱ्याने तोवर वहाणांत पायही घातलेला नसतो. क्रियापद भूतकाळी आणि कृती मात्र व्हावयाची, हा प्रयोग मराठीस नवा नाही. बाहेर उभा असलेला मनुष्य त्याने फसत नाही, कारण दोघांचे व्याकरण एकच असते. बोलणारे दोघे परक्या भाषेत बोलत असतील आणि मध्ये दाट धुके असेल, तर काय घडू शकते हे २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे दिसून आले.

शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबचा स्फोट झाल्यामुळे अनेक विमाने तेनेरीफच्या लहान विमानतळावर उतरविण्यात आली होती. जागा अडल्यामुळे के. एल. एम. आणि पॅन अॅम या कंपन्यांच्या दोन बोइंग ७४७ विमानांना धावपट्टीवरूनच रांगत जावे लागले. अमेरिकन विमानास तिसऱ्या वाटेने डावीकडे वळण्यास सांगितले गेले. 'तिसरी' की 'पहिली', हा संशय वैमानिकांस आला. त्यांनी पुन्हा विचारले, व नियंत्रकाने एक, दोन, तीन असे मोजून सांगितले. तरीही ते विमान तिसरी वाट ओलांडून पुढे गेले. एवढ्या मोठ्या विमानास तेथील तीव्र वळण घेणे फार अवघड होते, हे येथे विसरता कामा नये. ऐकणारा ऐकू आलेल्या शब्दाचा अर्थ समोरच्या वस्तूशी ताडून ठरवितो.

दरम्यान डच वैमानिकांस उड्डाणानंतरच्या मार्गाची अनुमती मिळाली. तिच्यात 'टेकऑफ' हा शब्द आला होता. उड्डाणाची अनुमती मात्र नव्हती. सहवैमानिकाने ती परत म्हणून दाखविताना शेवटी 'आम्ही आता टेकऑफला आहोत' अशा आशयाचे वाक्य जोडले. चालू क्रिया दर्शविण्याची डच भाषेची जी रचना आहे, तिची छाया या इंग्रजीवर पडली असावी, असे पुढे काही अभ्यासकांनी सुचविले. स्पॅनिश भाषिक नियंत्रकाने त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या ठिकाणी उभे आहोत' असा घेतला व 'ओके' म्हटले. पुढे तो 'थांबा, मी कळवितो' असेही म्हणाला. परंतु त्याच क्षणी अमेरिकन विमानानेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळविले, आणि दोन्ही वाक्ये एकाच कर्कश शिटीत बुडाली. स्पष्ट ऐकू गेले ते एक 'ओके'. आपल्या 'बरं'सारखाच हा शब्द; ऐकले एवढेच सांगतो, की संमती देतो, हे त्याच्या रूपावरून कळत नाही. त्या दिवशी ५८३ माणसे मृत्यू पावली.

स्पॅनिश चौकशीने अनुमतीवाचून निघालेल्या डच कप्तानावर मुख्य भार ठेवला. डच बाजूने परस्परांच्या गैरसमजावर जोर दिला. भाषाशास्त्राचा अभ्यासक स्वाभाविकपणे दुसऱ्या पक्षाकडे झुकेल. तथापि माझ्या मते तसे करणे बरोबर नाही. नियंत्रक दचकला का नाही, एवढे व्याकरण सांगू शकते. कप्तान का निघाला हे ते सांगू शकत नाही. त्याच्याच विमानातील अभियंत्याने पुढचे विमान बाजूस झाले नाही काय, असे विचारले होते, आणि ती शंका तत्काळ झटकली गेली. तो प्रश्न तर डच भाषेतच होता.

पुढे 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या अनुमतीपुरता राखून ठेवण्यात आला. एरवी 'डिपार्चर' म्हणावयाचे. नोव्हेंबर १९९६ मध्ये चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. त्यानंतर वैमानिकांच्या व नियंत्रकांच्या इंग्रजीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय संघटनेने हाती घेतला व सहा पायऱ्यांची कसोटी ठरविली. मात्र ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एक लहान विमान 'पाच'ऐवजी 'सहा' क्रमांकाच्या मार्गाने गेले. वैमानिकाने जमिनीवरील जी खूण वाचून सांगितली, ती नियंत्रकास ठाऊकच नव्हती. तेथे ११८ बळी पडले. त्या चुकीत इंग्रजीचा दोष फारसा नव्हता.

मुंबईचे उदाहरण तर शब्दावाचूनचे आहे. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री हैदराबादला निघालेले विमान, खाली उभे असलेले कर्मचारी बाजूस होण्यापूर्वीच, हलले. एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. सहवैमानिकाने खालचा संकेत चुकीचा वाचला, असे त्या वेळी सांगण्यात आले. वडूजच्या स्थानकावर कंडक्टर एक घंटी देतो तेव्हा गाडी थांबते, दोन देतो तेव्हा निघते. परंतु शेवटचा उतारू पायरीवरून उतरला की नाही, हे घंटी सांगत नाही. ते कंडक्टरला मागे वळून पाहावे लागते.